संशोधनातले सुतारकाम

शास्त्रज्ञ म्हटला की आपल्या डोळ्यांसमोर अजूनही पांढरा कोट, परीक्षानळी आणि सूक्ष्मदर्शकावर वाकलेले डोके येते. प्रत्यक्षात आजच्या संशोधकाचा बराचसा दिवस संगणकाच्या पडद्यासमोर जातो. नारायणगावजवळ खोडद येथे जी महाकाय रेडिओ दुर्बीण आहे, ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्यांची, तिला कोणी डोळा लावून बसत नाही. तबकड्या आकाशातून येणाऱ्या लहरी टिपतात, त्यांचे आकडे होतात, आणि त्या आकड्यांतून आकाशाचे चित्र काढण्याचे काम आज्ञावल्या, म्हणजे संगणकाचे प्रोग्रॅम, करतात. जी गोष्ट खगोलशास्त्राची तीच हवामानाची, औषधांची, वनस्पतिशास्त्राची आणि अर्थशास्त्राचीही.

मग हे काम संशोधकाला शिकवते कोण? उत्तर थोडे चमत्कारिक आहे. बहुधा कोणीच नाही. २००९ साली जगभरातल्या सुमारे २००० शास्त्रज्ञांची एक पाहणी प्रसिद्ध झाली. आज्ञावल्या लिहायला कुठे शिकलात, असे त्यांना विचारले होते. वर्गात शिकण्याला त्यांनी फारसे महत्त्व दिले नाही. आपले आपण शिकलो किंवा शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्याकडून उचलले, असे बहुतेकांचे म्हणणे पडले. रसायनशास्त्राच्या पहिल्या वर्षाला ब्युरेटमधली पातळी कशी वाचावी, डोळा कुठे ठेवावा, हे आपण मुलांना दहादा बजावतो. पण त्या वाचनातून पुढे जे ४०० आकडे तयार होतात त्यांचे काय करायचे, हे मात्र त्यांनी हवेतून शिकावे अशी आपली अपेक्षा असते.

गेली काही वर्षे मी पुण्यात आणि आसपासच्या जिल्ह्यांतल्या महाविद्यालयांत संशोधक विद्यार्थ्यांसाठी दोन दिवसांचे वर्ग घेते. आयुष्याची तीस वर्षे आज्ञावल्या लिहिण्याच्या नोकरीत गेली, त्यामुळे साधन हाताखालचे होते. हे वर्ग कशासाठी, असे मला बरेच जण विचारतात. "एवढी हुशार मुले, पीएच.डी. करणारी, त्यांना कॉम्प्युटर येत नाही का?" येतो. पण येणे आणि त्यावर विसंबता येणे यात अंतर आहे, आणि ते अंतर किती महागात पडू शकते याची उदाहरणे मला परदेशांतली द्यावी लागतात. तिथे चुका अधिक होतात असे नव्हे. तिथल्या काही चुका जाहीर झाल्या आहेत, एवढेच.

अमेरिकेतल्या कॅलिफोर्नियात स्क्रिप्स ही नामांकित संशोधन संस्था आहे. तिथल्या जेफ्री चँग या तरुण शास्त्रज्ञाने २००१ साली एका प्रथिनाची रचना 'सायन्स' या साप्ताहिकात प्रसिद्ध केली. हे प्रथिन जिवाणूच्या आवरणात बसून आतले रेणू बाहेर फेकते. त्याचेच भाऊबंद कर्करोगाच्या पेशीतून औषध बाहेर फेकतात, त्यामुळे या रचनेला मोठे महत्त्व आले. पुढच्या चार-पाच वर्षांत त्याच वाटेने आणखी निबंध निघाले. २००६ मध्ये झुरिकच्या दोघा संशोधकांनी त्याच कुळातल्या दुसऱ्या प्रथिनाची रचना काढली आणि ती चँग यांच्या रचनेशी मुळीच जुळेना. चँग यांनी आपले सर्व काम पुन्हा तपासले, तेव्हा दोष एका घरगुती आज्ञावलीत सापडला. ही आज्ञावली त्यांना दुसऱ्या प्रयोगशाळेकडून वारशाने मिळालेली होती. तिने आकड्यांच्या दोन रकान्यांची अदलाबदल केली होती. परिणाम असा, की उजव्या हाताचा मोजा डाव्या हातासारखा दिसावा तशी सारी रचना उलटली. पाच निबंध मागे घ्यावे लागले. चूक चँग यांनी स्वतःच उघड मान्य केली, हे त्यांच्या प्रामाणिकपणाचे द्योतक खरे. पण मधल्या काळात ज्या इतर संशोधकांच्या हाती त्या रचनेशी न जुळणारे निष्कर्ष होते, त्यांना आपले लेखन छापून आणणे जड गेले. बरोबर असलेली माणसे चूक ठरत होती, कारण कुठेतरी दोन रकाने उलटे होते.

दुसरे उदाहरण सामान्य माणसाच्या अधिक जवळचे. ऑक्टोबर २०२० मध्ये, करोनाच्या ऐन धुमाळीत, इंग्लंडमधल्या १५,८४१ बाधितांची नोंद दैनंदिन आकडेवारीतून गळाल्याचे उघड झाले. प्रयोगशाळांकडून येणारी माहिती एक्सेलच्या जुन्या पद्धतीच्या फाइलींत भरली जात होती. त्या फाइलीत ६५,५३६ ओळींपलीकडे जागाच नसते. जागा संपली, उरलेली माणसे गळाली. बाधितांना चाचणीचा निकाल कळला होता. पण त्यांच्या सहवासात आलेल्यांचा शोध घ्यायला उशीर झाला. तो उशीर कोणाला किती भोवला असेल याची कल्पना वाचकांनीच करावी.

हे असे होणार, हे काही माणसांनी फार आधी ओळखले होते. अमेरिकेतल्या लॉस अलामोस प्रयोगशाळेत १९९८ साली ग्रेग विल्सन आणि ब्रेंट गोर्डा या दोघांनी तिथल्या शास्त्रज्ञांसाठी एक अभ्यासक्रम सुरू केला. त्याचे नाव त्यांनी 'सॉफ्टवेअर कार्पेंट्री' असे ठेवले. कार्पेंट्री म्हणजे सुतारकाम. मला हे नाव फार आवडते. धरणाचे किंवा पुलाचे आराखडे काढायला अभियंता लागतो. घराच्या दाराची चौकट बसवायला, बिजागरी सरळ करायला सुतार. संशोधकाला धरण बांधायचे नसते. त्याला आपल्या खोलीचे दार नीट लागायला हवे असते. त्यासाठी करवत, रंधा, पटाशी आणि काटकोन पाहायचा गुण्या एवढे हाताळता आले तरी पुष्कळ काम भागते. विद्यापीठांत मात्र आपण एकतर पूल बांधायचे शास्त्र शिकवतो, नाहीतर काहीच नाही.

सुरुवातीला हा अभ्यासक्रम आठवडाभराचा होता. पुढे त्याचे साहित्य सर्वांना मोफत खुले झाले आणि २०१२ पासून, अमेरिकेतल्या स्लोन फाउंडेशनच्या मदतीने, दोन दिवसांच्या कार्यशाळांचे स्वरूप त्याने घेतले. आकडेवारी हाताळण्यावर भर देणारी 'डेटा कार्पेंट्री' २०१४ साली निघाली आणि २०१८ मध्ये दोन्ही एकत्र येऊन 'द कार्पेंट्रीज' झाल्या. शिकवणारे बहुतांशी स्वयंसेवक. माझे वर्ग त्यांच्या नावाखाली चालत नाहीत, पण त्यांच्या पद्धतीचे मी मनापासून अनुकरण करते, आणि ती पद्धत सांगण्यासारखी आहे.

प्रत्येक विद्यार्थ्याला दोन रंगीत चिकटचिठ्ठ्या मिळतात, एक हिरवी, एक तांबडी. काम जमले की संगणकाच्या पाठीवर हिरवी लावायची, अडले की तांबडी. बस, एवढेच! पण या दोन कागदांनी आपल्या वर्गातली एक जुनी अडचण सुटते. आपल्याकडे हात वर करून "मला समजले नाही" म्हणणे हा मुलांना अपमान वाटतो, पीएच.डी.च्या मुलांना तर फारच. तांबडा कागद मुकाट लावता येतो. मदतनीस येतो, कानाशी बोलतो, निघून जातो. पहिल्या तासाला सगळीकडे हिरवे असते, अगदी ज्यांचा संगणक सुरू झालेला नाही त्यांच्याकडेही. दुपारच्या चहानंतर खरे तांबडे दिसू लागते आणि तेव्हा कुठे वर्ग सुरू झाला असे मी समजते.

दुसरा नियम असा, की शिकवणाऱ्याने तयार चित्रफिती दाखवायच्या नाहीत. आज्ञावली सर्वांसमोर एकेक अक्षर टंकायची आणि मुलांनी बरोबर टंकायची. शिकवणाऱ्याचे अक्षर चुकते, संगणक त्रागा करतो, आणि मग तो त्रागा वाचायचा कसा, घाबरायचे का नाही, हे मुले पाहतात. हार्मोनियम शिकवणारे गुरुजी पुस्तकातून शिकवत नाहीत, तसेच हे. तिसरा नियम मदतनिसांसाठी: विद्यार्थ्याच्या कळफलकाला हात लावायचा नाही. चौथा मला सर्वांत अवघड गेला. "अगं, सोपं तर आहे!" हे वाक्य तोंडातून काढायचे नाही. ज्याला जमत नाही त्याला सोपे आहे असे सांगणे म्हणजे तो मूर्ख आहे असे सांगणेच झाले. आपल्या शिक्षकी पेशाने हे वाक्य किती लाख वेळा उच्चारले असेल कोण जाणे.

शिकवायचे तरी काय? फार थोडे. रकाने आणि ओळी नीट मांडणे, एकच काम शंभर फाइलींवर एका आज्ञेने करून घेणे, पायथन किंवा आर या भाषांपैकी एकीत छोटी आज्ञावली लिहिणे, आणि आपल्या कामाच्या बदलत्या आवृत्त्यांची नोंद ठेवणे. शेवटच्या कामासाठी 'गिट' नावाचे साधन आहे. मी त्याची ओळख बँकेच्या पासबुकाने करून देते: केव्हा, काय, कोणी बदलले आणि कशासाठी, सारे ओळीने. मुलांच्या संगणकावर 'अंतिम', 'अंतिम नवे', 'अंतिम सरांनी तपासलेले' आणि 'हेच खरे अंतिम' अशा चार फाइली हमखास असतात, त्यामुळे हे लगेच पटते.

रकान्यांच्या तासाला मी जनुकांची गोष्ट सांगते. माणसाच्या काही जनुकांची नावे इंग्रजीत सेप्टेंबर आणि मार्च या महिन्यांच्या लघुरूपांसारखी होती, पुढे एखादा आकडा. एक्सेलला वाटे ही तारीख आहे. तो न विचारता 'दोन सप्टेंबर' करून मोकळा होई. हा घोटाळा २००४ सालीच लेखी दाखवून दिलेला होता. तरीही २०१६ मध्ये तपासणी केली तेव्हा जनुकांच्या याद्या एक्सेलमध्ये जोडणाऱ्या निबंधांपैकी सुमारे एक पंचमांश निबंधांत अशा तारखा घुसलेल्या आढळल्या. अखेर २०२० मध्ये नावे ठरवणाऱ्या समितीने जनुकांचीच नावे बदलली. बारशाच्या वेळी ठेवलेले नाव कारकुनाला लिहिता येत नाही म्हणून बदलावे, त्यातला प्रकार! एक्सेलने ही आपोआप बदलण्याची खोड बंद करण्याची सोय दिली ती २०२३ साली.

दोन वर्षांपूर्वी सातारा जिल्ह्यातल्या एका महाविद्यालयात वर्ग होता. तिथे वनस्पतिशास्त्राची एक विद्यार्थिनी मागच्या बाकावर बसली होती. ओळख करून देतानाच म्हणाली, "मॅडम, मी कॉम्प्युटरवाली नाही हो, सरांनी पाठवलं म्हणून आले." तिचा विषय पानांतले हरितद्रव्य. पानांचा अर्क यंत्रात ठेवायचा, कोणत्या रंगाचा प्रकाश किती शोषला जातो ते यंत्र मोजते आणि प्रत्येक नमुन्याची एक फाइल देते. दीड वर्षात तिच्याकडे ४१२ फाइली जमल्या होत्या. प्रत्येक उघडायची, दुसऱ्या रकान्यातले हवे ते आकडे शोधायचे, एक्सेलमध्ये चिकटवायचे, बंद करायची. एका फाइलीला सुमारे चार मिनिटे. हिशेब केला तर साडेसत्तावीस तास होतात. आणि हे तिने एकदा नव्हे, दोनदा केले होते, कारण मधेच मार्गदर्शकांनी आणखी एका रंगाचे आकडे मागितले.

दुसऱ्या दिवशी दुपारी तिने माझ्या मदतीने चौदा ओळींची आज्ञावली लिहिली. ४१२ फाइलींचे काम डोळ्याचे पाते लवते न लवते तोच झाले. वर्गाने टाळ्या वाजवल्या. पण तिचे आकडे हाताने केलेल्या तक्त्याशी जुळेनात. सगळे नव्हे, ३८ फाइलींचेच. आज्ञावली रकान्याचे शीर्षक वाचून आकडे घेत होती. तिने हाताने घेताना दुसरा रकाना घेतला होता. जूनमध्ये यंत्राची दुरुस्ती झाली, त्यानंतरच्या फाइलींत रकान्यांचा क्रम बदललेला होता. शीर्षक वर लिहिलेले होते, पण साडेसत्तावीस तास तेच काम करणाऱ्या माणसाचा डोळा शीर्षक वाचत नाही.

त्या ३८ फाइली पावसाळ्यातल्या होत्या, आणि पावसाळ्यात हरितद्रव्य लक्षणीय घटते हाच तिच्या निबंधाचा मुख्य निष्कर्ष होता. निबंध पाठवायला आठवडा उरला होता. दुरुस्त आकड्यांत ती घट उरली नाही. मुलगी बराच वेळ पडद्याकडे बघत राहिली, मग म्हणाली, "आता सरांना कसं सांगू?" मी तिच्याबरोबर गेले. मार्गदर्शकांनी फाइली स्वतः उघडून पाहिल्या, निबंध थांबवला आणि तिला चहा पाजला. सगळेच मार्गदर्शक असे वागतील याची खात्री मी देऊ शकत नाही. तिचे पुढचे काही महिने नवे नमुने घेण्यात गेले. या वर्गाला ती आली नसती तर निबंध छापला गेला असता, कदाचित कोणीतरी त्याचा आधार घेऊन पुढे काम केले असते, आणि कोणालाच कधी कळले नसते. मला खरी भीती या न कळण्याची वाटते.

आपल्याकडे यासाठी काहीच प्रयत्न नाहीत असे म्हणणे अन्यायाचे होईल. मुंबईच्या आयआयटीत 'फॉसी' हा प्रकल्प केंद्र सरकारच्या शिक्षणविषयक राष्ट्रीय मोहिमेतून उभा राहिला. महागडी परकी सॉफ्टवेअर विकत न घेता पायथन, सायलॅब यांसारखी मोफत आणि खुली साधने महाविद्यालयांनी वापरावीत, हा त्याचा हेतू. पाठ्यपुस्तकातली सोडवलेली उदाहरणे विद्यार्थ्यांकडून सायलॅबमध्ये लिहून घ्यायची, असा एक छान उपक्रम त्यांनी चालवला. तिथलेच प्राध्यापक कन्नन मौद्गल्य यांनी 'स्पोकन ट्यूटोरियल' ही योजना आखली. दहा-दहा मिनिटांचे ध्वनिचित्र पाठ. पडदा इंग्रजीत, निवेदन मराठीसह अनेक भारतीय भाषांत. अर्धा पडदा पाठासाठी, अर्धा स्वतःच्या कामासाठी. पाहायचे, थांबवायचे, करायचे. माझ्या वर्गाला येण्यापूर्वी मुलांनी यातले दोन-तीन मराठी पाठ पाहून यावे असे मी सांगते. 'फाइलीची यादी दाखव' ही आज्ञा मराठीत समजावलेली ऐकली की अर्धी धास्ती तिथेच जाते.

कागदावर तर विद्यापीठ अनुदान आयोगानेही दार उघडलेले होते. पीएच.डी.च्या २०१६ च्या नियमांत संशोधनपद्धतीच्या अभ्यासक्रमात संख्यात्मक पद्धती आणि संगणकाचा वापर यांचा उल्लेख होता. त्याचे अनेक ठिकाणी काय झाले ते मी पाहिले आहे. फळ्यावर संगणकाच्या पहिल्या पिढीपासून पाचव्या पिढीपर्यंतचा इतिहास, मग प्रबंधाला समास किती ठेवावा, आणि शेवटी लेखी परीक्षा. पोहणे शिकवण्याचा हा प्रकार पाणी न दाखवता चालतो. दोष एकट्या प्राध्यापकांना देण्यात अर्थ नाही. त्यांनाही हे कोणी शिकवले नव्हते, आणि आज्ञावली नीट लिहिण्यासाठी घालवलेल्या महिन्याचे बढतीच्या तक्त्यात गुण मिळत नाहीत.

हल्ली विद्यार्थी विचारतात, "मॅडम, आता हे शिकायचंच कशाला? एआयला सांगितलं की तो लिहून देतो." २०२२ च्या अखेरीस चॅटजीपीटी आल्यापासून हा प्रश्न प्रत्येक वर्गात येतो आणि तो चुकीचा नाही. यंत्र आज्ञावली लिहून देते, पुष्कळदा माझ्यापेक्षा नीटनेटकी. म्हणून मी आता एक तास वेगळ्या पद्धतीने घेते. हवामानाची एक बनावट फाइल देते: ३६५ दिवसांचे तापमान, साधारण वीस अंशांच्या आसपासचे. त्यात दोन दिवस नोंदच झालेली नाही, आणि तिथे उणे ९९९ लिहिलेले आहे. नोंद नसल्याची ही खूण हवामानाच्या फाइलींत पुष्कळदा असते. मग यंत्राकडून वर्षाची सरासरी काढायची आज्ञावली लिहून घ्यायला सांगते. कधी यंत्र त्या खुणेबद्दल सावध करते, कधी नाही. नाही केले तर उत्तर येते १४.४ अंश. उत्तर उणे दोनशे आले असते तर शेंबड्या पोरालाही चूक कळली असती. १४.४ मात्र अगदी शहाण्यासारखे दिसते, आणि वर्गातले अर्धे लोक ते वहीत उतरवून घेतात. फाइल उघडून पाहिली का, असे विचारले की शांतता पसरते.

आज्ञावली दुसऱ्याने पाहिली पाहिजे, हा माझा आग्रह मुलांना सुरुवातीला जाचक वाटतो. तेव्हा मी थॉमस हर्न्डनचे नाव घेते. हार्वर्डच्या कारमेन राइनहार्ट आणि केनेथ रोगॉफ या दोन ख्यातनाम अर्थतज्ज्ञांनी २०१० मध्ये मांडले, की सरकारी कर्ज राष्ट्रीय उत्पन्नाच्या ९० टक्क्यांवर गेले की अर्थव्यवस्थेची वाढ खुंटते. युरोप-अमेरिकेत सरकारी खर्चाला कात्री लावा म्हणणाऱ्यांनी या निबंधाचा खूप आधार घेतला. मॅसॅच्युसेट्स विद्यापीठात शिकणाऱ्या हर्न्डनला गृहपाठ म्हणून तो निबंध पडताळून पाहायचा होता. आकडे जुळेनात म्हणून त्याने मूळ लेखकांकडे एक्सेलची फाइल मागितली आणि त्यांनी ती दिली. सूत्रात पाच देशांच्या ओळी सुटलेल्या होत्या. शिवाय देश आणि वर्षे निवडण्यावर व त्यांना द्यायच्या वजनावरही त्याने आक्षेप घेतले. २०१३ मध्ये त्याने आपल्या प्राध्यापकांसह प्रसिद्ध केलेल्या हिशेबात उणे ०.१ टक्क्याच्या जागी २.२ टक्के वाढ आली. यातले किती बरोबर यावर अर्थतज्ज्ञ नंतर बराच काळ भांडले. पण ते भांडू शकले, कारण फाइल टेबलावर होती.

आपल्याकडे पीएच.डी.चे प्रबंध 'शोधगंगा' या संग्रहात ठेवले जातात आणि कोणालाही वाचता येतात, ही चांगलीच सोय आहे. पण प्रबंधातले तक्ते ज्या आज्ञावलीतून आले ती सोबत ठेवायची पद्धत अजून पडलेली नाही. वर्गाच्या शेवटी मी मुलांकडून एवढेच कबूल करून घेते, की आपल्या प्रबंधाला ती परिशिष्ट म्हणून जोडायची. सातारच्या त्या मुलीने मार्चमध्ये प्रबंध सादर केला. चौदा ओळींची आज्ञावली वाढत वाढत सहा पानांची झाली आहे, आणि पहिल्याच पानावर, रकान्यांची शीर्षके तपासणाऱ्या ओळींच्या वर, तिने जूनमधल्या दुरुस्तीची तारीख मराठीत लिहून ठेवली आहे.